मनाचा रोजमेळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा 'मनःशांती' असा मोठा विषय आम्ही मागितला नाही. त्यावर बोलण्याचा अधिकार ज्यांचा, ते सत्पुरुष या वऱ्हाडच्या मातीत होऊन गेले. आम्ही संसारी माणसे. आम्ही लहानसा विषय मागून घेतला : रात्री पाठ टेकल्यावर जे मन धावू लागते, त्याला थोडे चालीवर कसे आणावे, एवढाच. दिवसभर उन्हाने अंगाची लाही झाली, आता कोठे वारा सुटला आहे. अशा वेळी गच्चीवर अंथरूण टाकावयाचे सोडून आपण येथे आलात. तेव्हा झोपेची गोष्ट सांगताना आपली झोप मोडू नये, एवढी काळजी आम्ही घेऊ.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो एका प्रवासात. अकोल्याहून अमरावतीस येत होतो. मूर्तिजापुरास एक शेतकरी गृहस्थ डब्यात चढले आणि आमच्या शेजारी बसले. पेरणीचे दिवस जवळ आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "डोळाच लागत नाही भाऊ. दिवसा कामात जीव रमते. पण रात्री खाटेवर पडलं का हिशेब सुरू होते. पाणी येईन का नाही, बी उगवन का नाही, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. सकाळी उठतो तं असं वाटते, रातभर वखर मीच ओढला."

आम्ही शहाणपणाने म्हणालो, "काळजी करू नका." ते हसले आणि म्हणाले, "हे तं मले बी सांगता येते, भाऊ."

पुढे बडनेऱ्यास ते उतरून गेले, पण ते वाक्य आमच्याबरोबर अमरावतीपर्यंत आले आणि नंतर पुष्कळ दिवस राहिले. काळजी करू नका, हा उपदेश नव्हेच. पडत्या पावसाला 'पडू नकोस' म्हणण्यासारखा तो प्रकार आहे. मग त्या गृहस्थांना काय सांगावयास हवे होते? आजचे व्याख्यान म्हणजे त्यांना त्या वेळी न सुचलेले उत्तर समजा.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. धावणारे मन हा काही शत्रू नाही. पुढचे पाहणे हे मनाचे कामच आहे. ज्या शेतकऱ्याच्या मनात वैशाखात मृगाचा विचार येत नाही, त्याचे शेत पडीक राहील. ज्या गृहिणीच्या मनात आजच उद्याच्या पिठाचा विचार येत नाही, तिच्या घरी उद्या भाकरी होणार नाही. दोष विचारात नाही. जो विचार कामाला लागत नाही आणि तरीही थांबत नाही, त्या विचारात दोष आहे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण तेल तरी निघते. रिकाम्या घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाची नुसती दमछाक.

आणि आम्हा वऱ्हाडच्या लोकांच्या मनाला रिकाम्या घाण्याची सवय लागण्यास एक जुने कारण आहे. आमचे पीक कापूस. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडच्या कापसाचा भाव एकाएकी चढला. युद्ध संपले तसा तो उतरला. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. तेव्हापासून असे झाले, की कापूस पिकावयाचा अकोटला किंवा दर्यापूरला, आणि त्याचा भाव ठरावयाचा सातासमुद्रापलीकडे. पाऊस आपल्या हाती नव्हताच. भावही हातचा गेला. म्हणजे पाच-सहा पिढ्या आम्ही ज्याची काळजी वाहतो त्याच्यातले निम्मेअधिक आपल्या हातचे नाही. अशा ठिकाणी मन रात्रीचे धावू लागले तर त्याला दुबळे म्हणू नये. ते आपल्यापरीने राखणच करीत असते. फक्त पीक उभे आहे की कापून नेले आहे हे त्याला अंधारात समजत नाही.

मग त्याला आवरावे कसे? पहिला उपाय सर्वांना सुचतो तो बळजबरीचा. 'हा विचार आता करावयाचा नाही.' लहानपणी आपण सर्वांनी ती गोष्ट ऐकली आहे. वैद्याने पुडी दिली आणि बजावले, औषध घेताना माकडाची आठवण तेवढी काढू नका. रोग्याला जन्मात कधी माकड आठवले नव्हते. आता पुडी उघडली की माकड समोर हजर! अमेरिकेतील डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हाच प्रयोग शास्त्रशुद्ध करून पाहिला. माकडाऐवजी पांढरे अस्वल घेतले. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे त्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुनःपुन्हा आले. आणि नंतर विचार करण्याची मुभा दिली, तेव्हा तर ज्यांना मनाई नव्हती त्यांच्यापेक्षाही जास्त आले. आमच्या आजीबाईंना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

येथे शेतकऱ्याकडूनच शिकावे. डवरणी करताना बैल तासातून सरकला, तर शहाणा शेतकरी त्याच्यावर तुटून पडत नाही. तसे केले तर बैल बुजतो आणि दोन ओळी तुडवतो. तो कासरा हलकेच ओढतो, बैल तासावर येतो. चार पावलांनी पुन्हा सरकतो, हा पुन्हा ओढतो. दिवसभरात किती वेळा, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. बैल सरकला म्हणून डवरणी फसली, असेही कोणी म्हणत नाही. मनाचे तसेच आहे. पण कासरा ओढून त्याला आणावयाचे, तर आधी तास हवा. मनाला चालावयास एखादी आखलेली रेघ हवी. रोजची लहानशी, ठरल्या वेळेची सवय म्हणजे ती रेघ. आमचे सारे सांगणे एवढ्यातच आहे.

या रेघा आमच्याच जिल्ह्यांत थोर माणसांनी आखून ठेवल्या आहेत. फार लांब जावयास नको.

गाडगेबाबा घ्या. १८७६ साली शेंडगावी जन्मले, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्यास मामाच्या घरी गुरे राखून आणि शेती करून वाढले. १९०५ साली घर सोडले. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर देह ठेवीपर्यंत त्यांचा क्रम काय होता? गावात पाऊल टाकले की हाती खराटा. आधी रस्ता झाडावयाचा, मग रात्री कीर्तन. कोणी म्हणेल, त्यांनी खराटा धरला तो गावची घाण काढण्यास, स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी नव्हे. अगदी खरे, आणि आमचा मुद्दा तोच आहे. शांती शांती म्हणून जो बसतो त्याला ती मिळत नाही. समोरची दोन हात जमीन स्वच्छ करणाऱ्याकडे ती मागच्या दाराने येते. झाडताना डोळ्यांना कचरा दिसतो, हाताला खराट्याची लय सापडते, आणि मागे वळून पाहिले तर झालेले काम दिसते. काळजीत हे तिसरे कधीच नसते. रात्रभर काळजी केली तरी सकाळी झाडलेले अंगण दिसत नाही.

दुसरी रेघ शरीराची. १९१४ साली वैद्य बंधूंनी या अमरावतीत हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. तो इतिहास आपल्याला आमच्याहून अधिक ठाऊक. आम्हांला मौज वाटते ती मल्लखांबाची. मल्लखांबावर उलटा टांगलेला मुलगा उद्याच्या परीक्षेची काळजी करू शकत नाही. केली तर खाली येईल! अंग जेथे पुरते गुंतते तेथे मनाला दुसरीकडे जाता येत नाही. आता आमच्या वयाच्या माणसांनी मल्लखांबावर चढावे असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टर मंडळी आमच्यावर रागावतील. पण सकाळी अर्धा तास भरभर चालणे, दहा-वीस सूर्यनमस्कार, विहिरीचे किंवा नळाचे पाणी झाडांना घालणे, हे कोणाला चुकले आहे? त्यातच सकाळचे ऊन डोळ्यांवर पडते, आणि शरीरातले झोपेचे घड्याळ त्या उजेडानेच जुळते, हे आता शास्त्रही सांगते.

तिसरी रेघ तुकडोजी महाराजांची. १९०९ साली यावलीस जन्मलेल्या या पुरुषाने १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारला. सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, हा तेथील नित्यक्रम. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती आहे, तशी सामुदायिक प्रार्थनाही आहे; म्हणजे त्यांनी प्रार्थना ही चुलीइतकीच गावच्या गरजेची वस्तू मानली. आपली श्रद्धा असो वा नसो, तिच्यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक अशी, की भजनाची ओळ लांब म्हटली की श्वास आपोआप सावकाश सुटतो. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळ आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. धर्म दोन, श्वास एक! दुसरी गोष्ट 'सामुदायिक' या शब्दात आहे. एकट्याची काळजी चार माणसांत बसली की तिचा आवाज लहान होतो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. दरवर्षी पुण्यतिथीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीस लोक मौन श्रद्धांजली वाहतात. एवढ्या मोठ्या यात्रेत पाळणे थांबतात, दुकानदार हात जोडून उभे राहतात. त्या शांततेत जो एकदा उभा राहिला, त्याला कळते की शांतता ही अडगळीच्या खोलीत जाऊन शोधण्याची वस्तू नव्हे.

आता चौथी रेघ. ती कोणा थोर पुरुषाची नाही. आमच्या एका वृद्ध मुनीमजींची आहे. तरुणपणी आम्ही अकोल्यास एका जिनिंगात हिशेबनिशी केली. हंगामात रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत काम चाले. एका सायंकाळी रोजमेळात बारा रुपयांची तफावत येऊ लागली. आम्ही चार वेळा बेरीज केली, जुळेना. घरी गेलो, जेवलो, पडलो. आणि डोळ्यांपुढे आकड्यांच्या ओळी नाचू लागल्या. असे तीन रात्री झाले. चौथ्या दिवशी आमचा चेहरा पाहून मुनीमजींनी जवळ बोलाविले आणि विचारले, "भाऊ, फरक वहीत लिहिला का?" आम्ही म्हणालो, "नाही. सापडल्यावर दुरुस्त करीन म्हणून ठेवला." ते म्हणाले, "वहीत नाही म्हणून डोक्यात आहे. फरक बारा रुपये, उद्या तोलाईच्या पावत्या पाहणे, असं लिहा, शिल्लक ओढा आणि वही बांधा. हिशेब जुळो न जुळो, दिवस रोज बंद झाला पाहिजे."

आम्ही तसे लिहिले. त्या रात्री झोप लागली. फरक दुसऱ्या दिवशी दुपारी एका पावतीत सापडला. पण तो सापडला नसता तरी झोप लागली असती, हे महत्त्वाचे. पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले, की २०१८ साली अमेरिकेत ५७ तरुणांवर असाच प्रयोग झाला. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. मुनीमजी तेव्हा हयात असते तर म्हणाले असते, एवढ्यासाठी अमेरिका कशाला?

या मनाच्या रोजमेळाची रीत सोपी आहे. दिवेलागणीनंतर, अंथरुणावर नव्हे, एक साधी वही घेऊन बसावे. पानाचे दोन भाग करावेत. एका बाजूस आपल्या हातचे : बियाण्याची पिशवी पाहणे, सोसायटीच्या सचिवाला भेटणे, मुलाच्या गुरुजींशी बोलणे. दुसऱ्या बाजूस हातचे नसलेले : पाऊस, भाव, लोक काय म्हणतील. हातच्या बाजूला उद्याची वेळ लिहावी. दुसऱ्या बाजूला काही लिहावयाचे नाही. ती नुसती वाचावी आणि वही मिटावी. रात्री मन पुन्हा धावले तर त्याला एवढेच सांगावे, 'लिहिले आहे.' कासरा हलकेच ओढला तो असा.

याच्या जोडीला दोन-तीन बारीक गोष्टी. सायंकाळनंतरचा चहा सोडावा; चहातील उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनीही निम्मे रक्तात असते. हातातला फोन निजण्यापूर्वी तासभर दुसऱ्या खोलीत ठेवावा. कापसाचा भाव रात्री अकराला पाहून तो वाढत नाही. मन फारच उधळले तर उठून बसावे आणि श्वास जितका वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडावा, असे दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे. या सगळ्या एकदम धरू नयेत. एक धरावी, महिनाभर चालवावी, मग दुसरी. आणि एखादा दिवस चुकला तर खाडा मांडावा, पण वही फाडू नये.

भगिनींसाठी, किंबहुना त्यांच्या घरच्या पुरुषांसाठी, एक शब्द. बाईचा रोजमेळ रात्रीही बंद होत नाही, कारण तो दुसरेच पुनःपुन्हा उघडीत असतात. निजावयास टेकली की पाणी, उठली की डबा. घरातील कर्त्या पुरुषाने ध्यानास बसावे आणि बाईने त्याच्यासाठी आवाज न करता भांडी घासावीत, अशी शांती आम्हांला मान्य नाही. भांडी त्यानेच घासावीत. आम्ही स्वतः घासतो. मनाला त्याहून चांगली रेघ क्वचित सापडेल.

आता शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. सवयींनी कर्ज फिटत नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो, नाहीतर आमचे व्याख्यान खोटे ठरेल. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. ज्या घरात हे झाले त्या घरासमोर उभे राहून श्वास सावकाश सोडा असे सांगण्याची आमची छाती नाही. भाव, पाणी आणि पतपुरवठा यांचे प्रश्न त्यांच्या जागीच सोडवावे लागतील. शिवाय धावणारे मन आणि आजारी मन यांत अंतर आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, जगणे नको वाटते, असे झाले तर ती सवयीची बाब राहिली नाही. तो ताप आहे, आणि तापाला डॉक्टर लागतो. त्यात लाज कसली? याच अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत काही वर्षांपूर्वी 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावच्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर या आजाराविषयी बोलणे सुरू केले. आधी अशा दर १०० आजारी माणसांपैकी सुमारे ४ जण मदत घेत. १८ महिन्यांनी २७ घेऊ लागली. कोणी जादू केली नाही. बोलावयास माणूस मिळाला. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीतही बोलता येते. हा आकडा आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याला नाही तर शेजाऱ्याला लागेल.

मग सवयींचा उपयोग काय? उपयोग हा, की ज्याची रात्र झोपेत गेली तो सकाळी सचिवाशी नीट भांडू शकतो. ज्याचे मन तासावर आहे त्याला हातचे काय आणि नसलेले काय हे दिसते. तुकडोजी महाराज काय, गाडगेबाबा काय, यांनी मन स्थिर केले ते घरी निवांत बसण्यासाठी नव्हे; त्या स्थिर मनाने त्यांनी गावे हलविली.

ते मूर्तिजापूरचे गृहस्थ पुन्हा भेटले तर आम्ही त्यांना 'काळजी करू नका' असे म्हणणार नाही. आम्ही म्हणू, "भाऊ, काळजी करा, पण दिव्याच्या वेळी, वहीत, आणि हातच्या बाजूची. नंतर बायकोपोरांत बसून दोन भजने म्हणा. सकाळी अंगण स्वतः झाडा. आणि महिनाभराने सांगा, वखर कोण ओढते ते." ते कदाचित पुन्हा हसतील. पण या वेळी त्यांच्या हसण्याला उत्तर द्यावयास आमच्याजवळ काहीतरी असेल.

आपणही आता घरी जाल. वारा चांगला सुटला आहे. आमचे जे सांगावयाचे राहिले ते आम्ही उद्याच्या पानावर लिहितो, आणि आजची वही येथेच बांधतो.